एका जुन्या नोंदीची दुरुस्ती



आजच्या नोंदीत पिकाचं थोडंच आहे, तेही शेवटी. बाकी एक दुरुस्ती आहे. २०१९ च्या पावसाळ्यात याच पानावर मी फवारणीच्या काळजीबद्दल लिहिलं होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते पुढं पाठवलं, दोन कृषी सहायकांनी तर गावच्या बैठकीत वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं, "औषधाची बाटली आम्ही सोबत नेली होती, म्हणून आमचा माणूस वाचला." ते वाक्य अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं आज लिहितो, कारण ज्या माणसाला ते ठाऊक होतं तो आता राहिला नाही.

आमचे मेजर गेले. गावाकडं फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, मग तो शिपाई म्हणून सुटलेला असो नाहीतर सुभेदार म्हणून. हे हवालदार होते. पण दवाखान्यात त्यांना सगळे 'ब्रदर' म्हणायचे. एका माणसाला दोन नावं, आणि दोन्ही खाकी-पांढऱ्या कपड्यांवरून पडलेली.

मेजर १९८२ साली बारावी होऊन फौजेत गेले. आमचा माण-खटावचा भाग म्हणजे पाऊस कमी आणि भरतीला पोरं जास्त. घरटी एक तरी फौजेत. बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरला ट्रेनिंग झालं. १९८७ मध्ये श्रीलंकेशी करार झाला आणि शांतिसेना तिकडं गेली, त्यात यांची पलटण होती. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परत आली तोवर आपले हजाराहून जास्त जवान तिथं गेले होते. मेजर वाचले, पण सुरुंगाच्या स्फोटात डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली आणि मांडीत लोखंड शिरलं. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलात महिनोन्महिने पडून होते.

लढाईबद्दल ते कधी बोलले नाहीत. आम्ही पोरं पारावर खोदून विचारायचो, ते तंबाखू मळत बसायचे. पण त्या हॉस्पिटलबद्दल मात्र एकदा बोलले, त्यांच्याच बांधावर, ज्वारीची राखण करताना. म्हणाले, "केरळचा एक पोरगा होता, नर्सिंग असिस्टंट. माझ्यापेक्षा लहान. सहा आठवडे त्यानं माझं हागणं-मुतणं काढलं. एक दिवस तोंड वाकडं केलं न्हाय. आईनंतर त्यानंच. मी मनात म्हटलं, आपण बंदूक धरतो त्याचं लोक कौतुक करतात, ह्याचं कोण करतं?"

१९९७ मध्ये पंधरा वर्षं पुरी करून पेन्शनीवर घरी आले. वय तेहतीस. त्या वयात सुटलेले आमच्याकडचे फौजी बँकेत गार्ड होतात, कुणी एमआयडीसीत सिक्युरिटी, कुणी ट्रॅक्टर घेतो. मेजरांनी नर्सिंगच्या कोर्सला नाव घातलं. तीन वर्षांचा जीएनएम. वर्गात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली आणि मागच्या बाकावर मिशीवाले हे. मुली त्यांना काका म्हणायच्या. गावात तर काय विचारू नका. "बंदूक टाकून बेडपॅन धरलं", "मेजर आता सिस्टर झाले" असं त्यांच्या तोंडावर बोलणारे होते. तेव्हा मी वीस-बाविशीचा होतो आणि हसणाऱ्यांत होतो, हेही लिहून ठेवतो.

पुढं माजी सैनिकांच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली. हुद्द्याचं कागदावरचं नाव 'अधिपरिचारक'. हा शब्द गावात कुणाला उच्चारता आला नाही, म्हणून ब्रदर. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत, तालुक्याच्या आणि आजूबाजूच्या दवाखान्यांत बहुतेक रात्रपाळ्या केल्या. रात्रपाळी मागून घ्यायचे, कारण दिवसा अडीच एकर रान करायचं असायचं.

शेतकऱ्याच्या दवाखान्यात रात्री काय येतं ते आपल्याला माहीत आहे. साप, विंचू, फवारणी, आणि घेतलेलं औषध. मेजरांचा हात या चारांवर बसला होता. दर पावसाळ्याच्या तोंडाला शाळेत येऊन बोलायचे, आणि शाळा सुटल्यावर पारावर आम्हाला तेच सांगायचे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चार लक्षात ठेवा. करकचून बांधू नका, ब्लेड मारू नका, चोखू नका. चावलेला हात-पाय हलवू नका आणि चावल्याची वेळ लिहा. कुठं लिहायची, तर पेशंटच्या हातावर बॉलपेननं. "मांत्रिकाकडं जायचं तर जा, पण दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर जा," असं म्हणायचे.

मण्यारीबद्दल त्यांनी सांगितलेलं मी आमच्या कांद्याच्या राखणदारांना अजून सांगतो. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, आग होत नाही, दात दिसतही नाहीत. पहाटे पोटात कळ येते, पापण्या खाली येतात, बोलणं जड होतं. घरचे म्हणतात अपचन झालं असेल. पापणी उघडी राहत नसेल तर अपचन नव्हे, गाडी काढा. म्हणून खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. एवढ्या साध्या गोष्टीसाठी त्यांनी आमच्या वस्तीवर घरोघर जाऊन खाटा मोजल्या होत्या.

घोणस आणि फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. त्याची तपासणी म्हणजे काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी आडवी करून बघायची. गोठलं नसेल तर विष चढलंय. मशीन लागत नाही, पण नळी नवी, कोरडी आणि काचेचीच लागते. साबणाच्या पावडरीनं धुतलेल्या नळीत निकाल चुकतो. मेजर नव्या नळ्यांचा एक डबा स्वतःच्या खर्चानं आणून कपाटात ठेवायचे, त्याला हात लावू द्यायचे नाहीत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून किती जीव वाचवले, हेही आम्हाला पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून कळलं. म्हणायचे, "बघा, खेड्यातल्या दवाखान्यात बसून जगाला शिकवलं. नोंदी ठेवल्या म्हणून."

नोंदी. हा त्यांचा मोठा नाद. खिशात कायम छोटी डायरी. काय झालं यापेक्षा किती वाजता झालं हे आधी लिहायचं, ही फौजेची सवय. आता माझ्या चुकीवर येतो.

२०१२ चा ऑगस्ट. त्या वर्षीचा दुष्काळ माण-खटावचा माणूस विसरणार नाही, पुढं म्हसवडला चारा छावण्या लागल्या तेच साल. पावसानं ओढ दिलेली, ऊन उन्हाळ्यासारखं. विहिरीत थोडं पाणी होतं म्हणून सोयाबीन कसंबसं उभं होतं आणि त्यात पानं खाणारी अळी पडली. दुकानदारानं एक बाटली दिली. प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रिन ४ टक्के. ते कापसाचं औषध, सोयाबीनवर त्याची शिफारस नव्हती. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मात्रा झाकणानं अंदाजे घातली, आणि 'जरा जास्तच' घातली.

फवारायला आमच्याकडं कामाला येणारा पोरगा होता, बावीस वर्षांचा. पाठीवर पेट्रोलचा पंप. त्या पंपाचं झाकण आठ दिवसांपासून गळत होतं. मला माहीत होतं. नवं वायसर आणायचं राहिलं होतं. दहा-पंधरा रुपयांचं वायसर. तोंडाला रुमाल, हातमोजे नाहीत, भर दुपार. त्याचा शर्ट पाठीवर भिजला तेव्हा मी बांधावरून बघितलं आणि घाम असेल म्हणून सोडून दिलं.

पाचच्या सुमाराला त्याला मळमळलं. मग उलटी, मग लाळ गळायला लागली, डोळ्यांतून पाणी, हातापायांचे स्नायू थरथरायला लागले. मित्राची जीप बोलावली. बाटली मी उचलून घेतली हे खरं. पण दवाखान्यात दाखवायला नव्हे. बांधावर राहिली तर कुणी बघेल, पोलीस येतील, माझ्यावर केस होईल, म्हणून उचलली. सीटखाली सरकवली. वाटेत ओढ्यात टाकावी असं मनात होतं.

दवाखान्यात मेजर ड्यूटीवर होते. पोराला स्ट्रेचरवर घेतलं आणि त्यांनी मला विचारलं, "फवारणी?"

मी म्हणालो, "न्हाय. ऊन लागलंय. सकाळपासनं रानात होता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, काही बोलले नाहीत. टॉर्च मारून डोळे बघितले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. उन्हानं असं होत नाही. कात्री घेऊन शर्ट-बनियन कापून काढलं, साबण-पाण्यानं पाठ, मान, केस धुतले. कपडे निघेपर्यंत विष कातडीतून आत जातच राहतं, हे मला नंतर कळलं. डॉक्टर आले, लक्षणं बघून ॲट्रोपिन सुरू केलं. पण या विषावरचं दुसरं औषध द्यायचं तर विष कुठल्या गटातलं आहे ते कळायला हवं. डॉक्टरांनी मला विचारलं. मी परत म्हणालो, ऊन. घरच्यांना विचारलं. त्यांना काही माहीत नव्हतं.

मग मेजर बाहेर आले. व्हरांड्यात मी भिंतीला टेकून उभा होतो. मला वाटलं, कानाखाली मारतील. ते माझ्यासमोर सावधान उभं राहिल्यासारखे उभे राहिले आणि हळू आवाजात बोलले. "पोलिसांना कळवावं लागतं, ते मी टाळणार न्हाय. त्यांना तू सकाळी उत्तर दे. ह्याला आत्ता दे. काय मारलं, किती वाजता?"

मी जीपकडं गेलो. पन्नास पावलं. सीटखालून बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

२०१९ च्या नोंदीतली 'सोबत नेलेली बाटली' ती ही.

त्यांनी घड्याळ बघितलं, डायरीत काहीतरी लिहिलं आणि आत गेले. त्या रात्री मी काचेतून बघत होतो. दर पाच मिनिटांनी नाडी मोजायची, छातीला नळी लावायची आणि पोराच्या काखेत हात घालून बघायचं. मला वाटलं ताप बघतायत. नंतर त्यांनी सांगितलं, काख कोरडी होईपर्यंत आणि छातीतली घरघर थांबेपर्यंत ॲट्रोपिन वाढवत न्यावं लागतं. नुसत्या डोळ्यांकडं बघून थांबलं तर माणूस फसतो. पहाटे चारला काख कोरडी झाली.

आम्हाला वाटलं जिंकलो. दुसऱ्या दिवशी पोरगा बोलायला लागला, चहा मागितला. मी घरी न्यायच्या गोष्टी करायला लागलो. मेजर ऐकेनात. ड्यूटी संपली तरी थांबले आणि दर दोन तासांनी त्याला एकच गोष्ट सांगायचे, "उशीवरनं मान उचल." तो उचलायचा. बायकांना गंमत वाटायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "उचलंना." मेजरांचा चेहरा बदलला. या विषात दोन-तीन दिवसांनी बरं वाटत असतानाच मान, खांदे आणि मग श्वासाचे स्नायू ढिले पडतात. मान ही त्याची पहिली खूण. शेतकऱ्यांनो, घरी आणलेला माणूस चौथ्या दिवशी 'अचानक' गेला असं आपण ऐकतो, त्यातले काही यातले असतात.

साताऱ्याला हलवायचं ठरलं, तिथं व्हेंटिलेटर. तेव्हा १०८ सुरू व्हायची होती. दवाखान्याच्या गाडीत पोरगा, मेजर आणि मी. वाटेत त्याचा श्वास उथळ झाला. अंबू बॅग म्हणजे रबराचा फुगा, तो दाबून हवा आत ढकलायची. मास्क तोंडावर घट्ट बसवायला मेजरांना दोन्ही हात लागत होते, त्यात डाव्याची बोटं वाकडी. मला म्हणाले, "फुगा तू दाब. मी मोजतो. एक, दोन, तीन, चार, दाब. छाती वर आली पाहिजे, पोट न्हाय."

कोरेगाव मागं टाकलं तेव्हा माझा हात पेटला होता. थांबू का म्हणायची सोय नव्हती. ते मोजत होते, मी दाबत होतो. साताऱ्यात शिरेपर्यंत त्यांचा आकडा एकदाही चुकला नाही. मला त्या वेळी काय वाटत होतं ते लिहायचा प्रयत्न केला, तीनदा खोडलं. राहू दे.

नऊ दिवस व्हेंटिलेटर. पोरगा वाचला. आज पस्तिशीचा आहे, शेळ्या पाळतो, फवारणीच्या पंपाला हात लावत नाही.

पुढं २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली, तेव्हा मेजर मला म्हणाले, "तू पान चालवतोस न्हवं? लिही की." मला दोन वर्षं लागली. आणि लिहिलं तेव्हा ते वाक्य असं फिरवून लिहिलं. मेजरांनी वाचलं होतं. काही बोलले नाहीत.

गेल्या आठवड्यात त्यांचा दहावा झाला. अंत्ययात्रेला एका बाजूला माजी सैनिक टोप्या घालून उभे होते, दुसऱ्या बाजूला रात्रपाळी करून थेट आलेल्या सिस्टर. त्यांतली एक पन्नाशीची, डोळ्यांना पदर लावून "काका" म्हणत होती. ती त्यांच्या वर्गातली.

दहाव्याच्या संध्याकाळी मेजरांच्या मुलीनं मला घरात बोलावलं. अडीच एकर आता ती करणार आहे. म्हणाली, "आबांनी पेरणी-पाण्याचं सगळं डायऱ्यांत लिहिलंय, पण अक्षर लागत नाही. तुम्ही बघून द्याल का?" ट्रंकभर डायऱ्या. एकाच पानावर ड्यूटी आणि रान, दोन्ही. 'ज्वारी पेर, २ पाभर, ओल ४ बोटं' आणि त्याखाली 'घोणस, नळी २० मि., नाही गोठलं.' पेशंटचं नाव कुठंही नाही.

२०१२ ची डायरी हातात आल्यावर मी ते पान शोधलं. दोनच ओळी होत्या. '७:१० फवारणी, बाहुल्या बारीक.' त्याखाली '७:५० बाटली आली.'

मध्ये काही लिहिलेलं नव्हतं. बाटली कुठून आली, कुणी उशीर केला, काही नाही. नुसते दोन आकडे. चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांमुळं पुढची साताऱ्याची पाळी आली की ती तशीही आली असती, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मेजरांनीही नाही, मी विचारलंही नाही.

हे इथं लिहायच्या आधी ज्याचं आहे त्याला सांगायला हवं होतं. काल संध्याकाळी शेळ्या आल्यावर त्याच्याकडं गेलो. बाटलीचं, सीटखालचं, वायसरचं, सगळं सांगितलं. तो शेळ्यांना पाला टाकत होता. टाकून झाल्यावर म्हणाला, "आण्णा, मला ठावं हाय. मी ऐकत हुतो की. तुमी 'ऊन लागलंय' म्हनला तवा मला बोलायचं हुतं, पर जीभ उचलंना."

तेरा वर्षं. त्याची बायको चहा घेऊन आली. मी चहा घेतला. आमचं त्यावर पुढं बोलणं झालं नाही.

२०१९ च्या नोंदीतलं ते वाक्य मी आज खोडलं आहे आणि तिथं या नोंदीकडं बोट केलं आहे. ज्यांनी ते पुढं पाठवलं होतं त्यांनी हेही पाठवावं.

आता पिकाचं. सोयाबीन, ४८ वा दिवस, फुलोरा. पानं खाणारी अळी ओळीला मीटरमागं चार-पाच. क्लोरअँट्रानिलीप्रोल १८.५ एससी, १० लिटरला ३ मिली, मापानं. फवारणी मी स्वतः. हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्या. पंपाला नवं वायसर, आधी साध्या पाण्यानं चालवून बघितलं, गळत नाही. वारा पश्चिमेकडून, पाठीशी घेतला. सुरू ७:०५, बंद ९:२०. लेबलचा फोटो घरच्यांच्या मोबाईलवर, बाटली ओसरीत खिळ्याला टांगून.